सासऱ्यांची मर्सिडीज आणि पंपावरचे तीन आकडे

पत्र: नमस्कार. सासऱ्यांनी १९९६ साली घेतलेली मर्सिडीज ई २२० पेट्रोल अजून आमच्या घरी आहे. गुडघ्यांमुळे त्यांना आता गाडी चालवणं जमत नाही, म्हणून मी चालवते. महिन्यातून दोन-तीनदा सांगली ते कोल्हापूर, कधीमधी पुणे. सासऱ्यांचा हुकूम आहे की हिला ‘स्पीड’शिवाय दुसरं पेट्रोल पाजायचं नाही. कॅलिफोर्नियातले दीर म्हणतात, ९१ चं पुरे, आमच्याकडे या गाड्या त्याच्यावरच चालतात. आमचा मिस्त्री म्हणतो, “वहिनी, साधं घाला, आता सगळं एकच आहे.” शिवाय १०० नंबरचंही एक पेट्रोल निघालंय म्हणे, पण फार महाग. पुण्याहून परतताना खंबाटकी चढायला लागलं की गाडी टकटक वाजते, आणि ॲव्हरेजही कमी झालंय. नक्की कोणतं पेट्रोल घालू? – एक वाचक, सांगली

ताई,

गंमत म्हणजे तिघंही खोटं बोलत नाहीयेत. सासरे १९९६ च्या पेट्रोलबद्दल बोलतात, दीर कॅलिफोर्नियातल्या आणि मिस्त्री आजच्या. उत्तर आधीच देऊन टाकतो. ज्या नळावर ९५ ऑक्टेन लिहिलंय ते पेट्रोल घाला. ते मिळालं नाही तर साधं घालून पुढे जा, जीव टांगणीला लावू नका. १०० चं रोज घालू नका. त्याचा वर्षातून एकदाच उपयोग आहे, तो शेवटी सांगतो. आणि वाचलेले पैसे गाडीतलं रबर बदलायला ठेवा, कारण तुमच्या गाडीला आज धोका ऑक्टेनपेक्षा जास्त तिथून आहे.

आता हे आकडे. पेट्रोलच्या टाकीची झडप उघडली की आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते. तीस वर्षांच्या उन्हापावसात ती पुसटली असेल, तर ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक काढा. तुमच्या गाडीत २.२ लिटरचं चार सिलिंडरचं एम १११ इंजिन आहे आणि ते बेतलंय युरोपातल्या ९५ ऑक्टेनच्या शिसेविरहित पेट्रोलवर. ही गाडी इथेच जोडलेली. मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी पुण्याजवळ टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात डब्ल्यू १२४, म्हणजे तुमचंच मॉडेल, जोडायला घेतली. इंजिनाची भूक मात्र जर्मनच राहिली.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद किंवा शुद्धता असा समज पंपावर रांगेत उभ्या असलेल्या दहांपैकी नऊ जणांचा असतो. तसं काही नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं तेव्हा ते तापतं. प्लगची ठिणगी पडून आग एका बाजूने पसरत जावी अशी अपेक्षा असते. पण पेट्रोल दम धरू शकलं नाही, तर आग पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं आणि तो धक्का पिस्टनवर बसतो. ते नॉकिंग. किती दाब आणि उष्णता सोसून पेट्रोल दम धरतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. प्रयोगशाळेत आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य धरतात, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणाइतका दम धरतं ते बघतात. इंजिनाला हवा तेवढा दम पेट्रोलमध्ये असला की विषय संपला. ९५ वर समाधानी असलेल्या इंजिनात १०० चं ओतलं म्हणून गाडी धावत सुटत नाही.

दिरांचा हिशेब इथे चुकतो, आणि तो भल्याभल्यांचा चुकतो. मोजायच्या पद्धती दोन आहेत. एक रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन. दुसरी मोटर ऑक्टेन, म्हणजे एमओएन. तिची परीक्षा जास्त कडक, त्यामुळे तिच्यात आकडा कमी येतो. युरोपात आणि आपल्याकडे पंपावर आरओएन लिहितात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. युरोपातलं नेहमीचं पेट्रोल आरओएनने किमान ९५ आणि एमओएनने किमान ८५ असतं, म्हणजे अमेरिकेतल्या पंपावर त्याचा आकडा ९० च्या आसपास लागेल. कॅलिफोर्नियातलं ९१ हे तिथलं सगळ्यात वरच्या दर्जाचं, महागडं पेट्रोल आहे. आपल्या हिशेबाने ते ९५ किंवा थोडं जास्तच. दीर तिथे बरोबर पेट्रोल घालतायत, फक्त त्यांचा ९१ आणि सांगलीच्या पंपावरचा ९१ ही दोन वेगळी मापं आहेत. त्यांना व्हॉट्सॲपवर एवढंच कळवा: तुमचा ९१ म्हणजे आमचा ९५.

सासऱ्यांची गोष्ट जरा मोठी आहे. त्यांच्या हट्टामागे कारण होतं. त्यांनी गाडी घेतली तेव्हा आपल्याकडचं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनच्या घरात होतं, आणि बहुतेक ठिकाणी शिसेयुक्त. शिसेविरहित पेट्रोल एप्रिल १९९५ मध्ये सुरू झालं तेही फक्त दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत. देशभर सगळीकडे ते यायला फेब्रुवारी २००० उजाडला. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसं चालत नाही, एकदा त्यावर शिशाचा थर बसला की तो निकामी. त्या दिवसांत असली गाडी सांगलीत ठेवणाऱ्याने पेट्रोलबद्दल धसका घेतला नसता तरच नवल. मग २००० नंतर स्पीड, पॉवर, एक्स्ट्रा प्रीमियम अशी पेट्रोलं आली आणि सासऱ्यांसारख्या मंडळींना हायसं वाटलं. पण त्यातली काही साध्याच ऑक्टेनची होती, वर इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं घातलेली. रसायनं वाईट नव्हती. पण नाव ‘स्पीड’ असलं म्हणून ऑक्टेन वाढत नाही. आजही पंपावर नाव वाचू नका, आकडा वाचा. ९५ लिहिलंय का, ९७ लिहिलंय का, १०० लिहिलंय का. आकडाच लिहिला नसेल तर ते नाव तुमच्या कामाचं नाही.

सासऱ्यांच्या काळातली आणखी एक खूण गाडीत राहिलेली असू शकते. त्या पिढीतल्या काही मर्सिडीजच्या इंजिनकक्षात एक छोटा रेझिस्टर प्लग असतो. जिथे हलकं पेट्रोल मिळतं अशा ठिकाणी तो बदलून किंवा फिरवून इग्निशनचं टायमिंग मागे घेता येतं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडता येते. तुमच्या गाडीत तो असेल आणि तेव्हा कुणी ८७ च्या पेट्रोलसाठी मागे घेऊन ठेवला असेल, तर आज कितीही चांगलं पेट्रोल घाला, इंजिन मुद्दामच हात आखडून चालेल. मर्सिडीजवर काम केलेल्या मेकॅनिकला हे आधी बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुमचा मिस्त्री. “सगळं एकच आहे” हे त्याने सहज म्हटलं असेल, पण त्यात तथ्य आहे. बीएस-२ या जुन्या प्रदूषण-नियमांच्या काळात साधं पेट्रोल ८८ होतं, पुढे ९१ झालं. आणि आता त्यात २० टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळे मिश्रणाचाही वाढतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की २० टक्के मिश्रणामुळे आपलं पेट्रोल ९५ आरओएनपर्यंत पोहोचलंय. म्हणजे ज्या आकड्यासाठी सासऱ्यांनी आयुष्यभर जादा पैसे मोजले, तो आता साध्या नळातूनही येतो. मग मी ९५ लिहिलेलंच घाला का म्हणतो? कारण त्या नळावर आकडा लिहून दिलेला आहे, आणि तुमच्या वापराला फरक किरकोळ पडतो. वर्षाला तीन हजार किलोमीटर आणि ॲव्हरेज नऊ धरलं तर ३३५ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. लिटरमागे आठ रुपये जास्त धरले तर वर्षाचे सत्तावीसशे. सासऱ्यांच्या मनःशांतीसाठी एवढे द्यायला हरकत नाही. इंजिनात मात्र चमत्कार शोधू नका.

पण मिस्त्रीने अर्धीच गोष्ट सांगितली. इथेनॉलने ऑक्टेनचा प्रश्न सोडवला आणि त्याच दमात दुसरा उभा केला. तुमच्या गाडीच्या नळ्या, ओ-रिंग, पंपाचे सील, प्रेशर रेग्युलेटरमधला पडदा हे सगळं तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी बनलेलं रबर आहे. इथेनॉलने काही रबरं फुगतात, काही कडक होऊन तडकतात. तुमच्या इंजिनात पेट्रोल तीन बारच्या वर दाबाने फिरतं. अशा नळीला बारीक चीर गेली तर थेंब पडत नाही, फवारा उडतो, आणि तो तापलेल्या इंजिनावर. जुन्या गाड्या रस्त्यात पेटतात त्यामागे वायरिंगबरोबर हेही एक मोठं कारण असतं. सकाळी गॅरेजचं दार उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी किल्ली लावू नका. आधी वास कुठून येतो ते शोधा. गाडीत अग्निशामक सिलिंडर आहे ना? मुदत संपलेला नसावा.

नळ्या बदलताना पानपट्टीच्या शेजारच्या दुकानातली मीटरवर मिळणारी काळी नळी चालणार नाही. आतून विटॉन नावाच्या रबराचा थर असलेली, इंजेक्शनच्या दाबाला चालणारी नळी मागा. तिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. क्लॅम्पही इंजेक्शन होसचेच घ्या, गोल आणि गुळगुळीत काठाचे. दातेरी क्लॅम्प नळी कापतो. पेट्रोल फिल्टर मागच्या बाजूला गाडीखाली प्लास्टिकच्या झाकणात पंपाशेजारी असतो. तो आत्ता बदला, आणि दोन-तीन टाक्यांनंतर पुन्हा एकदा. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून आणतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. फिल्टर तुंबला की गाडी चढावर दम सोडते, आणि मालक पेट्रोल बदलत बसतात.

ॲव्हरेज कमी झालंय म्हणता, त्यातलं थोडं तुम्हाला स्वीकारावंच लागेल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की ज्या चारचाकी इथेनॉलसाठी बनलेल्याच नव्हत्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या होत्या, त्यांची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटेल. तुमची गाडी त्याहूनही जुनी. नऊचं साडेआठ झालं असेल तर कारण पेट्रोलच. नऊचं सात झालं असेल तर ते पेट्रोलच्या माथी मारू नका, ऑक्सिजन सेन्सर तपासा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून मिश्रण पातळ होतं, आणि ते भरून काढायचं काम या सेन्सरच्या भरवशावर चालतं. सेन्सर आंधळा झाला असेल तर संगणक अंदाजाने पेट्रोल फवारतो.

आणि आता खंबाटकीची टकटक. इथे जरा कान द्या. आवाज दोन प्रकारचे असतात. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते आणि मिनिटभरात थांबते, ती हायड्रॉलिक टॅपेटची. ऑइल चढलं की जाते, तिचा पेट्रोलशी संबंध नाही. इंजिन पुरतं तापलेलं असताना, वरच्या गियरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि गियर खाली घेतला की थांबतो, ते नॉकिंग. तुम्ही सांगितलंय त्यावरून दुसराच वाटतो. खात्री करायची असेल तर घाटात संरक्षक भिंतीच्या बाजूची काच खाली घ्या. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, स्पष्ट ऐकू येतो.

पण तुमच्या इंजिनाला नॉक सेन्सर आहे. नॉकिंगची चाहूल लागली की संगणक टायमिंग मागे घेतो. थोडी ताकद जाते, आवाज बंद होतो. म्हणजे सेन्सर ठीक असताना साध्या पेट्रोलवरही तुम्हाला इतका आवाज ऐकू यायला नको. येतोय, तर साखळीत कुठेतरी कडी निखळली आहे. माझा पहिला संशय वायरिंगवर. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंग हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, असं आवरण वापरलं, जे उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होऊन गळून पडतं. जगभरातले डब्ल्यू १२४ चे मालक याला वैतागलेत. हार्नेस कधी बदललाय का, ते सासऱ्यांना विचारा. नसेल बदलला, तर मेकॅनिकला इंजिनाजवळच्या जोडणीवरचं रबरी टोपण मागे सारून आतल्या वायरी बघायला सांगा. वाकवल्यावर आवरणाचे तुकडे पडत असतील तर पेट्रोलचा विचार सोडा आणि आधी हार्नेस करा. तो धड असेल तर क्रमाने बघा: थर्मोस्टॅट आणि पंखा, म्हणजे गाडी घाटात जास्त तापत नाही ना; प्लग कंपनीने सांगितलेल्याच नंबरचे आहेत ना; आणि सिलिंडरमध्ये कार्बन किती साचलाय. महिन्यातून दोन-तीनदाच चालणाऱ्या गाडीत कार्बन साचतोच. तोपर्यंत घाटात चौथ्याऐवजी तिसऱ्यात चढा. इंजिन ओरडलं तर ओरडू दे, त्याला ते आवडतं.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. तुमच्या घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांना आवडेल, फक्त अंगणात करा, आगीपासून लांब, आणि मापाच्या खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीत. दहा मिलिलिटर पाणी घ्या, त्यावर शंभर मिलिलिटर पेट्रोल ओता, झाकण लावून सावकाश हलवा, मधेमधे झाकण सैल करून वाफ जाऊ द्या. मग स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं आणि खालचा थर वाढतो. दहाचा दहाच राहिला तर इथेनॉल नाही. तिसाच्या आसपास गेला तर वीस टक्क्यांचं पेट्रोल. ऑक्टेन यातून कळत नाही, आणि हे पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचं नाही.

टाकीत नेमकं हेच घडू नये यासाठी आता १०० चं पेट्रोल. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं. जुन्या गाड्यांचे मालक त्याच्यामागे असतात ते १०० या आकड्यासाठी नाही, तर त्यात इथेनॉल नसतं म्हणून. किंमत साध्याच्या साधारण दीडपट. वर्षभर तेच घालायचं म्हटलं तर तुमच्या तीन हजार किलोमीटरला सोळा-अठरा हजार रुपये जादा जातील. तेवढ्यात नळ्या, ओ-रिंग, फिल्टर सगळं नवं होऊन वर पैसे उरतील, आणि मग वीस टक्क्यांची भीतीच उरणार नाही. म्हणून रोज नको. पण पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर मे महिन्याच्या अखेरीस टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या आणि जिथे मिळेल तिथून हे पेट्रोल गळ्यापर्यंत भरून आणा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं. पंपाची नळी तिथूनच ओढते, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, ओलावा कमी. १०० चं सांगलीत नाही मिळालं तर ९५ नेच टाकी भरा, पण मग दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा तास चालवून आणा. नुसती दारात सुरू करून बंद करू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

बाजारात ऑक्टेन वाढवायच्या बाटल्या मिळतात, सासऱ्यांनी एखादी कपाटात जपून ठेवलेली असण्याची शक्यता मला दाट वाटते. त्यातल्या काहींत मँगनीज किंवा लोहाची संयुगं असतात, त्यांचा लालसर थर प्लगवर आणि सेन्सरवर बसतो. ती बाटली गाडीत ओतू नका. डांबराच्या गोळ्या पेट्रोलमध्ये टाकायचा जुना सल्ला कुणी दिला, तर त्या कपड्यांच्या कपाटात राहू द्या. आणि ओळखीतून विमानाचं पेट्रोल मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर नको म्हणा, त्यात अजूनही शिसं असतं.

मेकॅनिककडे जाताना कागदावर एवढंच लिहून न्या: हार्नेस, रेझिस्टर प्लग, नळ्या, फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर. याच क्रमाने. त्याने पहिल्यालाच “आधी इंजिन खोलावं लागेल” असं म्हटलं, तर दुसरा मेकॅनिक बघा.